निळ्या पिंपाला डावीकडे

हिसाओ मुराकोशीने आयुष्यात बायकोचं ऐकलं नाही, डॉक्टरचं ऐकलं नाही, आणि सफरचंदांवर फवारणी कधी करायची याबाबत सहकारी संस्थेचं तर मुळीच ऐकलं नाही. पण मुलीपुढे त्याची डाळ शिजत नसे. म्हणून तर त्र्याहत्तराव्या वर्षी, जूनमधल्या एका रविवारी सकाळी आठला, तो फळं निवडायच्या गोदामामागच्या आवारात हात बांधून उभा होता आणि त्याची मुलगी चिगुसा त्याच्या मोटरसायकलचं भवितव्य डांबरावर मांडत होती.

झालं होतं असं. मार्चमध्ये हिसाओ शाळेजवळच्या चौकात थांबायची खूण न बघता तसाच पुढे गेला. बाजूने येणाऱ्या गाडीने करकचून ब्रेक लावले म्हणून निभावलं. कुणाला खरचटलंही नाही, पण त्या गावात बातमीला पाय नाहीत, चाकं आहेत. संध्याकाळच्या आत ती शहरातल्या टपाल कचेरीत चिगुसाच्या खिडकीपर्यंत पोचली. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन आणि दर रविवारी एकच वाक्य, "बाबा, मोटरसायकल विकून टाका."

तीन महिने ऐकून हिसाओचे कान किटले. शेवटी तोच म्हणाला, "माझे डोळे नि डोकं दोन्ही शाबूत आहेत. ये आणि तूच आवारात वळणावळणांचा कोर्स मांड. मी तीन फेऱ्या मारतो. त्यातली एक जरी स्वच्छ गेली, तर वर्षभर हा विषय काढायचा नाही."

"आणि नाही गेली तर?"

"तर किल्ली तुझी."

स्वच्छ फेरी म्हणजे पाय टेकायचा नाही, वाटेत मांडलेला शंकूसारखा रबरी कोन पाडायचा नाही आणि रस्ता चुकायचा नाही. तिसरी अट ऐकायला सगळ्यांत सोपी वाटते आणि माणसं बुडतात ती तिथेच. लाल कोनाला उजवीकडून वळसा, निळ्याला डावीकडून, आणि सगळा रस्ता डोक्यात. तीस-पस्तीस कोन ठेवले की मोकळं आवार म्हणजे नुसता भुलभुलैया होऊन बसतं. बक्षिसं मिळवणारे जवान गडीसुद्धा भर स्पर्धेत मध्येच थांबून डोकं खाजवताना हिसाओने पाहिले होते. तो स्वतः चाळीस वर्षं हेच करत आला होता, आणि वेगाचं वेड म्हणाल तर ते त्याला कधीच नव्हतं. अरुंद जागेत मोटरसायकल जवळजवळ आडवी करायची आणि ती पडायच्या आत पुन्हा उभी करायची, एवढ्यात त्याला जगातलं सगळं सुख मिळे.

पहिली अडचण कोनांचीच आली. हिसाओच्या रविवारच्या मोटरसायकलवाल्या टोळक्यातले बाकीचे सगळे कोन घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात स्पर्धेला गेले होते. मागे राहिले होते हिसाओ आणि गोन्दा. गोन्दाचं गावात केस कापायचं दुकान, वय सदुसष्ट, आणि गुडघा दुखतो म्हणून आता फक्त घड्याळ लावायचं काम त्याच्याकडे. दोघांनी आदल्या दिवशी गावभर फिरून जमेल ते गोळा केलं आणि हिसाओच्या छोट्या ट्रकमध्ये घातलं. अग्निशमन दलाच्या कोठारातून नऊ लाल कोन मिळाले, त्यातल्या दोन कोनांची टोकं उंदरांनी खाल्लेली. निळ्यासाठी मुळ्याचं लोणचं घालायची सहा निळी पिंपं आली, ती अजून घमघमत होती. बाकी गोन्दाच्या दुकानाबाहेरच्या, मांजरांनी कुंड्यांत घाण करू नये म्हणून पाणी भरून ठेवलेल्या बाटल्या. त्यांना काहींना लाल आणि काहींना निळी चिकटपट्टी गुंडाळली.

"आज मांजरांना सुट्टी," गोन्दा म्हणाला. "हिसाओसान, तुमच्या मोटरसायकलीपायी माझ्या बायकोची फुलझाडं जाणार."

"तुझ्या बायकोची फुलझाडं मांजरांनी नाही, तू पाणी न घालून मारलीस."

चिगुसा या सगळ्याकडे कंबरेवर हात ठेवून बघत होती. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पायात सपाट बूट, हातात खडूची पेटी. लहानपणी हिच्या किती रविवारांची माती याच आवारात झाली होती. बाप आणि त्याचे मित्र चकरा मारणार आणि ही पडलेले कोन धावत जाऊन उभे करणार, त्याबद्दल बर्फाचा गोळा. मोठी झाल्यावर तिने या जागेकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. हिसाओला वाटलं होतं, हिला आता काय आठवणार? चार कोन सरळ रेषेत ठेवील आणि म्हणेल, जा.

पण ती आवाराच्या चारी कडांनी आधी पायी फिरली. गटाराच्या लोखंडी जाळीपाशी थांबून तिने बुटाचा तळवा घासून बघितला आणि तिथे काही न ठेवता पुढे गेली. मग ती मांडत सुटली. लांब सरळ पट्टा दिला, माणसाला वेग घ्यायचा मोह व्हावा असा, आणि त्याच्या तोंडाशीच डावीकडचं अगदी अरुंद वळण ठेवलं. एकीकडे निळं पिंप, दुसरीकडे बाटली, मधे जेमतेम जागा. हिसाओला डावं वळण जड जातं हे टोळक्यातल्या चार लोकांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं.

"बघितलंस?" तो हळूच गोन्दाला म्हणाला. "काय पोरगी आहे! माझाच गळा कापतेय आणि हात किती सफाईदार."

"तुम्हाला आनंद झालाय की काय?"

झालाच होता. इतका झाला होता की आपण इथे कशासाठी उभे आहोत हेही तो घटकाभर विसरला.

मांडून झाल्यावर तिने प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती खडूने गोल काढला. पडली तर पुन्हा नेमकी तिथेच ठेवता यावी, म्हणून. मग हात झटकून म्हणाली, "चाला बाबा. दहा मिनिटं."

हिसाओ कोर्स चालू लागला. दोन्ही हात पुढे, जणू हॅण्डल धरलंय, वळणावर खांदा झुकलेला आणि तोंडाने जप सुरू. "लाल, निळं, निळं, पूर्ण वळसा, लाल..." पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तो तीनदा चालला. मग डोळे मिटून उभ्याउभ्याच चौथ्यांदा चालला.

पहिल्या फेरीला मोटरसायकल छान गुरगुरली. चारशे सीसीची, वीस वर्षांची, दोन्ही बाजूंना, पडली तर इंजिन वाचावं म्हणून त्याने स्वतः वाकवून बसवलेल्या लोखंडी नळ्या. पहिली सहा वळणं लोण्यासारखी गेली. सातवं निळं होतं. हिसाओ उजवीकडे वळला आणि वळता वळताच त्याला कळलं.

तो थांबला. एरवी असं झालं की सगळे टाळ्या पिटत आणि तो स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसे. आज गोन्दा घड्याळाकडे बघत राहिला आणि चिगुसा जमिनीकडे. शाळेजवळचा तो चौक हिसाओला आठवला. तिथेही असंच झालं होतं, खूण डोळ्यांना दिसली होती आणि डोक्यात शिरली नव्हती. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"सगळ्यांचंच होतं असं," गोन्दा म्हणाला.

"मला ठाऊक आहे," हिसाओ म्हणाला. "पुढची."

दुसऱ्या फेरीत रस्ता बिनचूक आठवला. सरळ पट्ट्यानंतरच्या त्या डाव्या वळणावर मात्र नळी पिंपाला लागली आणि पिंप गडगडत गोदामाच्या भिंतीपर्यंत गेलं. लोणच्याचा वास आवारभर पसरला. चिगुसा लहानपणी धावायची तशीच धावली आणि पिंप आणून तिने परत उभं केलं. हिसाओ तोवर सुरुवातीच्या रेषेपाशी हेल्मेट काढून गार चहा पीत होता.

"दमलात का?" तिने लांबूनच विचारलं.

"तू धावलीस, मी कशाला दमू?"

तिसऱ्या फेरीला त्याने जप केला नाही. क्लच सोडला आणि निघाला. लाल, निळं, निळं, वळसा. सातवं निळं डावीकडून. गोन्दा जागच्या जागी चवड्यांवर उभा राहिला. मोटरसायकल इकडे कलली, तिकडे कलली, त्याच्या अंगाचाच भाग असल्यासारखी. हिसाओला आपलं वय, गुडघे, मुलगी, काही काही आठवत नव्हतं. सरळ पट्टा आला, त्याने वेग घेतला, ब्रेक दाबले, मान डावीकडे वळवली.

पिंपाच्या अलीकडे खडूचा गोल रिकामा होता. पिंप दोन वीत बाहेर सरकलेलं होतं. आता त्या फटीतून सायकल शिकणारं पोरही आरामात गेलं असतं.

पुढे उरली होती फक्त तीन वळणं, तीही सोपी. नुसतं निघून जायचं होतं.

हिसाओने मोटरसायकल थांबवली. डावा पाय टेकला, मग स्टँड लावला, खाली उतरला, पिंप उचललं आणि गोलात नेऊन ठेवलं. बूड नीट बसलं का ते वाकून बघितलं. पुन्हा चढला, त्या अरुंद फटीतून पिंपाला न शिवता गेला आणि उरलेली तीन वळणं घेऊन रेषेवर आला.

"पाय टेकला," तो म्हणाला.

गोन्दाने घड्याळ अजून थांबवलंच नव्हतं. "अहो, पिंपच चुकीच्या जागी होतं! ही फेरी धरतच नाहीत. पुन्हा मारा."

"तीन म्हणजे तीन." हिसाओने किल्ली काढून चिगुसापुढे धरली. "घे. पण फुकटात जिंकवू नकोस बापाला. इतका म्हातारा नाही झालो अजून."

चिगुसाने किल्ली घेतली नाही. ती गोन्दाकडे वळली. "काका, दहाचा पाना आहे?"

"आहे. कशाला?"

"नंबर प्लेट काढायचीय." मग बापाला म्हणाली, "किल्ली ठेवा तुमच्याकडेच. प्लेट मी उद्या वाहन नोंदणीच्या कचेरीत परत करते. रस्त्यावर जायचं नाही, एवढंच. इथे पिंपांच्या मधे काय हवा तो धिंगाणा घाला. इथे तुम्हाला कोण येऊन धडकतंय?"

हिसाओने हातातल्या किल्लीकडे बघितलं. "आणि इथवर आणू कशी? खांद्यावर?"

चिगुसा आपल्या गाडीकडे गेली आणि मागचं दार उघडून एक पिशवी घेऊन आली. आत मोटरसायकल ट्रकवर करकचून बांधायचे चार पट्टे होते, कोरे करकरीत, दुकानाच्या वेष्टनातले. "तुमच्या ट्रकमध्ये घालून. आणि ट्रकचं काय करायचं ते पुढच्या वर्षी बघू."

हिसाओने पट्टे हातात घेऊन उलटेपालटे केले. "हे तू कालच आणलेस?"

"मंगळवारी."

"म्हणजे मी जिंकलो असतो तरी..."

"तरी प्लेट काढलीच असती. पण तुम्हाला हरल्याशिवाय कधी काही पटलंय का?"

गोन्दा इतका हसला की त्याच्या हातातला पाना खाली पडला. हिसाओही हसला, पण अर्ध्यावर थांबला. मार्चमधलं ते चौकातलं, खूण दिसूनही न दिसल्याचं, त्याने तिथेच उभ्याउभ्या तिला सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. रागावली नाही. त्याला एकदम हलकं वाटलं, इतके महिने आपण हे उगाच वाहिलं असं वाटलं.

दोन बोल्ट निघाले. प्लेट चिगुसाने रुमालात गुंडाळली. मग फळी लावून तिघांनी मोटरसायकल ट्रकवर चढवली आणि हिसाओ तिला पट्टा कुठून घ्यायचा ते दाखवू लागला. पुढचं चाक दबेपर्यंत ओढ, आणखी ओढ, टपालाची पिशवी नाही ही.

"एक सांग," तो खाली मान घालून म्हणाला. "तुला मी हरायलाच हवा होतो. मग पिंप कशाला सरकवलंस?"

चिगुसा पट्टा ओढत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "तुम्ही इतकं छान चालवत होता."