मला सरळ केलं तेव्हा

मी स्टेअरिंग बोलतोय. बोलतोय कसला, बोलायला लावलंय. जन्मभर लोकांनी मला धरलं, वळवलं, राग आला की माझ्यावर काढला; आता म्हणे तुझी हकिकत सांग. शाळेत मी गेलो नाही. शाळेच्या कोपऱ्यावरून वळलो, तेवढंच शिक्षण. तेव्हा चुका शोधत बसू नका, मुद्दा ऐका.

मी एका जुन्या पिकअपचा. कारखान्यात मला दांड्यावर चढवलं ते दातात दात अडकवून, खुणेला खूण लावून. गाडी सरळ चालली की मी सरळ. एवढाच माझा धर्म. पहिल्या मालकानं वर्षभरात गाडी विकली आणि मी एका सुताराच्या हाती आलो. त्याला बावीस वर्षं झाली. मागे दारं, खिडक्या, चौकटी. पुढे तो आणि मी. त्याच्या तळव्यांना भुसा चिकटलेला असायचा, त्यानं माझी कातडी घासून गुळगुळीत झाली. एकटा असला की तो मापं मोठ्यानं बोलायचा. अर्ध्या गावाच्या दारांची मापं मला पाठ आहेत.

मग थोरल्याच्या, म्हणजे सुताराच्या मोठ्या मुलाच्या, डोक्यात आलं की गाडी उंच करायची.

"बाबा, साइटवरच्या दगडांना पोट घासतं. आणि दिसते कशी बघा, बसलेली म्हैस!"

"म्हैस दूध देते ना? मग झालं," सुतार म्हणाला.

पण पोरापुढं बापाचं कधी चाललंय? गाडी चार बोटं उंच झाली. ती वर उचलली तशी पुढची चाकं फेंगडी झाली आणि मी डावीकडे कललो. हौस म्हणून नाही. खाली काहीतरी बिघडलंय हे सांगायला मला दुसरं तोंड आहे कुठं?

थोरल्यानं उंची वाढवणाऱ्या मिस्त्रीला मला दाखवलं. तो म्हणाला, "दोन मिनिटांचं काम." मला वाटलं, आता वाकून चाकं बघेल. पठ्ठ्यानं माझा नट सोडला, मला दांड्यावरून उपसलं आणि दोन दात सरकवून पुन्हा बसवलं.

"बघा, एकदम नाकासमोर."

थोरला खूश. खाली चाकं तशीच फेंगडी, वर मी साळसूद. ह्या वयात खोटं बोलायला लावलं मला.

भोगलं ते सुतारानं. गाडी सारखी डावीकडे ओढायची. तिला धरून धरून त्याचा खांदा भरून यायचा. शिवाय डावीकडे मी पूर्वीइतका वळेनासा झालो; सरळ दिसण्यातच तिकडचं वळण खर्ची पडलं होतं. एका दुपारी वर्कशॉपच्या फाटकातून डावीकडे आत वळताना, जिथं तो डोळे मिटूनही वळला असता, मी मध्येच अडलो. गाडीचा उजवा कोपरा खांबावर बसला. मागच्या नव्या खिडकीच्या काचा फुटल्या.

सुतारानं माझ्यावर मूठ आपटली. "दगाबाज!" म्हणाला. मला.

थोरला समजुतीच्या सुरात बोलला, "बाबा, राग मानू नका. पण हाताला आता पूर्वीचा नेम नाही राहिला. मध्ये माणूस असतं तर? चावी माझ्याकडे द्या."

सुतारानं वाद घातला नाही, ह्याचंच मला नवल. हात समोर धरून बोटं थरथरतात का ते बघत राहिला. मग चावी देऊन टाकली.

मी छपराखाली धूळ खात उभा. समोरच सुताराचा बाक. तो काम करायचा, पण प्रत्येक फळीचा काटकोन दोनदोनदा तपासायचा. चाळीस वर्षं रंधा चालवलेला कारागीर स्वतःच्याच हातांवर पहारा देत होता. गाडी सुटली तर सुटली. पण हातावरचा भरवसा सुटला की सुतार संपला.

सुताराच्या बायकोनं ते हेरलं. एक दिवस तिनं त्याच्या हातातली फळी काढून घेतली, एक डोळा मिटून तिची कड पाहिली आणि थोरल्याला हाक मारली.

"इकडे ये. कुठं वाकडी आहे ही, दाखव."

"नाही गं आई, सरळ आहे."

"रंधा सरळ चालतो आणि गाडी तेवढी वाकडी जाते होय रे? का गाडीत बसताना वेगळे हात लावतात हे?"

"अगं, जाऊ दे," सुतार पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा. जाऊ दे, जाऊ दे करूनच ही वेळ आली."

दुसऱ्या दिवशी थोरला चालवायला, बाजूला दोघं, असे तिघं चाकं सरळ रेषेत आणणाऱ्या अलाइनमेंटवाल्याकडे गेले. त्याला सगळे दोरीवाला म्हणतात, कारण यंत्र लावण्याआधी तो चाकांच्या कडेनं दोरी ताणून बघतो. त्यानं चाकं सरळ केली, आणि तिथून मला दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून फेरे मोजले. उजवीकडे दोन. डावीकडे दीड.

"सारखे हवेत," तो म्हणाला. "काका, हे कुणीतरी उपसून सरळ बसवलंय. ताप तसाच ठेवला आणि थर्मामीटर झटकला! अशी गाडी चालवलीत तुम्ही? हात चांगले आहेत हो तुमचे."

थोरला बुटांकडे बघत म्हणाला, "माझ्यासमोरच बसवलं. मला वाटलं, दुरुस्त झालं."

सुतारानं खिशातले हात बाहेर काढले.

दोरीवाल्यानं गाडी दोन बोटं खाली घेतली, चाकांचा कल काढला, चाकं वळवणारे दांडे दोन्हीकडे सारखे केले आणि शेवटी मला माझ्या मूळ खुणेवर बसवलं. परतताना सुतारानं गाडी चालवली. मोकळ्या रस्त्यावर त्यानं क्षणभर दोन्ही हात सोडले.

"अहो, धरा!" बायको किंचाळली.

गाडी सुतासारखी सरळ चालली होती. फाटकातून तो एका दमात आत वळला.

"चुकलं माझं, बाबा," थोरला म्हणाला. "चावी पुन्हा मागणार नाही."

आता माझी शिवण उसवलीय, हॉर्न मनात आलं तर वाजतो. पण मी खरा आहे. तुम्हाला एकच सांगतो: घरातलं एखादं म्हातारं अचानक वाकडं दिसायला लागलं, तर त्याला पिळून सरळ करू नका. आधी वाकून खाली बघा.

मिस्त्रीकडून मला काही नको, त्याची माझी ओळखच दोन मिनिटांची. थोरल्यानं बापापुढं चूक कबूल केली, तीत मी माझी माफी धरून घेतली. पण बावीस वर्षं ज्यानं मला धरलं, त्यानं त्या दुपारचा 'दगाबाज' हा शब्द अजून मागे घेतलेला नाही. तो नेईल तिकडे मी वळतो, कुरकुरत नाही. पण माफी राहिलीय ती राहिलीय. सुताराची.