मामाचा रिमोट

"मामा, तुझा रिमोट कुणाकडे असतो?"

हे मी तोंडावर विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मी विचारलं, तेही हॉस्पिटलच्या खोलीत, आई-बाबांसमोर. आईने असा चिमटा काढला की विचारू नका.

मामा मात्र हसला. "डॉक्टरबाईंकडे असतो, टाचणे. तुझ्या आईकडे दिला असता तर मला कायमचा बंद करून कपाटात ठेवलं असतं तिने."

"गप्प बस," आई म्हणाली. ती त्याची मोठी बहीण, तिला हक्कच आहे.

माझा मामा शिंपी, म्हणून मी त्याची 'टाचणी'. गिऱ्हाईक दारात उभं राहीपर्यंत त्याने नजरेनेच माप घेतलेलं असतं. आणि दारू अशी की तेच गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं की दुकानाला कुलूप. गोळ्या झाल्या, शपथा झाल्या, व्यसनमुक्ती केंद्राच्या वाऱ्या झाल्या. मला तर दुकानात पाय ठेवायलाच बंदी होती. शेवटी इथे एक नवा प्रयोग चालला होता, त्यात मामाने स्वतःहून नाव दिलं. मेंदूत खोलवर बारीक तारा, त्या कातडीखालून मानेपर्यंत आणलेल्या, आणि गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढी बॅटरी. टाके सुकले होते ("बरे घातलेत," असं प्रमाणपत्र मामाने दिलं होतं), आणि आज यंत्र पहिल्यांदा चालू होणार होतं. माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

बाबांनी येतानाच आईला बजावलं होतं, "हे शेवटचं. यानंतर तुझा भाऊ आणि त्याचं नशीब."

"तुम्ही यांना ओळखता, म्हणून बोलावलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही वेगळं वाटलं तर लगेच सांगा." त्यांनी टॅबलेटवर, म्हणजे मामाच्या त्या रिमोटवर, बोट सरकवलं. "प्यावंसं वाटतंय?"

"रोजच्यासारखंच."

बोट थोडं वर गेलं. मामाचे खांदे सैल पडले. "थांबा," तो म्हणाला. "कमी झालंय. खरंच कमी झालंय."

आईने माझा हात घट्ट धरला. बोट आणखी वर गेलं आणि मामाची गाडी सुसाट सुटली. खोली किती छान, उजेड किती छान, बाबांसारखा देवमाणूस शोधून सापडणार नाही, आता तीन दुकानं काढणार, सगळ्यांना फुकट सूट शिवणार. आई हसतही होती आणि रडतही होती. बाबांच्या चेहऱ्यावर, मामाकडे बघताना, चक्क हसू होतं.

"असाच राहू द्या याला," बाबा म्हणाले.

"आणि बाई, तुमचा कोट," मामा म्हणाला, "काय सुंदर कोट आहे."

मी कोटाकडे पाहिलं. डावी बाही बोटांवर लोंबत होती आणि एक बटण दोऱ्याला लटकून शेवटच्या घटका मोजत होतं. माझा मामा याला सुंदर म्हणाला? ऐन लग्नात नवरदेवाला बाजूला घेऊन "ही पँट कुणी बिघडवली?" विचारणारा मामा? झिंगलेला असतानाही माझ्या युनिफॉर्मची शिलाई ओढून बघणारा?

"जास्त झालंय," मी म्हणाले.

"अगं, किती दिवसांनी हसतोय तो," आई म्हणाली.

"आई, तो या कोटाला सुंदर म्हणाला."

आईचं हसू मावळलं. डॉक्टरबाईंनी आधी स्वतःची बाही पाहिली, मग मामाला, आणि बोट हळूच खाली आणलं. मामा शांत झाला. माझ्यामुळे तहान परत आली तर?

"आता प्यावंसं वाटतंय?"

मामाने प्रामाणिकपणे विचार केला. "आहे. पण लांब आहे. रस्त्यापलीकडून कुणीतरी हाक मारावी तसं. ओ द्यायची की नाही, ते माझ्यावर आहे." मग तो पुढे वाकला. "बाई, राग मानू नका. ही बाही दोन बोटं लांब आहे. आणि बटण आजच पडणार बघा."

मी उडीच मारली. बाबांनी मान वळवून डोळे पुसले. मला दिसलं नाही असं त्यांना वाटलं.

"ही नुसती सुरुवात आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अजून बरेच दिवस यंत्र कमी-जास्त करावं लागेल. यांना रोज भेटणारं, खरं काय ते सांगणारं कुणीतरी हवं."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी खिडकीकडे.

जिन्यात मी दोघांच्या पुढे जाऊन वाट अडवून उभी राहिले.

"उद्यापासून शाळा सुटली की मी मामाच्या दुकानात जाणार. अभ्यास तिथेच करीन. परवानगी मागत नाहीये, बाबा, सांगतेय. आणि तो वाईट शिलाईचं कौतुक करायला लागला, की डॉक्टरबाईंना पहिला फोन माझा जाईल."