अडीच सुताचा टॅप

ब्राह्मणपाऱ्यातल्या बायकांचं शेवयांचं मशीन या वर्षी दिवाकर खानझोड्यांच्या घरी आलं होतं. जुनं, लोखंडी, चार पायांचं. टेबलाखालून चार बोल्ट कसायचे. तीन नीट बसले. चौथा दिवाकररावांनी वाकडा घातला आणि वरून पाना लावून दामटला. पायाच्या भोकातले तोंडाकडचे आटे चेपले आणि बोल्ट आत जाईना.

"उद्या सकाळी साऱ्याजणी रवा भिजवून आणून राहिल्या," वनमालाबाई म्हणाल्या. "काहून हात लावला जी तुम्ही?"

"आटे पुन्हा पाडता येतात. आटे कापायचा टॅप आणतो."

गोल बाजारात हार्डवेअरच्या दुकानातल्या विकीनं विचारलं, "कितने का टॅप दूँ, अंकल?"

दिवाकररावांनी करंगळी पुढे केली. "इस नाखून के बराबर छेद है."

विकीनं नख दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि आठ एमएमचा सेट काढला. "सेट में तीन आते हैं."

"पर छेद तो एक ही है," असं म्हणून त्यांनी तिन्हींतला सगळ्यात टोकदार उचलला.

घरी मशीन उलटं करून त्यांनी टॅप लावला. अर्ध्या फेरीत अडकला. त्यांनी दात-ओठ खाऊन जोर लावला. तेवढ्यात हिंदी घरातली सून यामिनी ड्यूटीवरून आली. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात मशिनांची दुरुस्ती तीच बघायची.

"बाबा, रुकिए! टॅप अंदर टूटेगा."

"मले नको शिकवू. चौतीस वर्षं रेल्वेत काढली."

"तिकीट खिडकीवर," वनमालाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

यामिनीनं चांगल्या पायाचा बोल्ट उचलला आणि टॅपला टेकवला. एकाचे दाते दुसऱ्याच्या खाचांत बसेनात. मधून उजेड दिसत होता.

"पुरानी मशीन है, इंच वाली. एक सूत यानी इंच का आठवाँ हिस्सा; ढाई सूत का टॅप चाहिए. और छेद आरपार नहीं है, तो पूरा सेट लीजिए. नोक वाला पहले, चपटा आखिर में. चूड़ी, यानी आपके आटे, तले तक वही काटेगा."

दिवाकरराव बोल्ट खिशात टाकून पुन्हा गोल बाजारात गेले. प्रत्येक टॅपला बोल्ट टेकवून उजेडाकडे धरत त्यांनी असा काही वेळ लावला, की मागची दोन गिऱ्हाइकं त्यांनाच सल्ला विचारू लागली. त्यांनी तो दिलाही.

संध्याकाळी यामिनी म्हणेल तसं त्यांनी केलं. थेंबभर तेल, अर्धी फेरी पुढे, थोडं मागे. काळा भुसा निघत गेला. शेवटी बोल्ट हातानंच आत गेला. पाना लागला तो फक्त कसायला.

सकाळी शेजारच्या कुसुमताईंनी मशीन हलवून पाहिलं. "हव, पक्कं बसलं! कोणं केलं?"

"बाबा ने," यामिनी म्हणाली.

दिवाकररावांना छाती फुगवायची होती, पण का कोण जाणे, तोंडातून खरं तेच निघालं. "हात माहे होते. डोकं यामिनीचं."

"मग ते हात इकडे आणा," म्हणत वनमालाबाईंनी मशीनचा दांडा त्यांच्या हाती दिला. दुपारपर्यंत ते फिरवत होते.