चौथ्या गाण्यातली घंटी

पेन्सिल कॅसेटच्या दातेरी भोकात बसली आणि इंद्रभाननं ती सावकाश फिरवली — सैल पडलेलं तपकिरी फितीचं वेटोळं आत गेलं, फीत ताठ झाली, आणि तरी तो फिरवतच राहिला, कारण आज त्याला दोष फितीवर ढकलायला काही जागाच ठेवायची नव्हती. फीत चांगली. सेल नवे. टेपचं हेड काल स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलेलं. मग उरलं कोण... उरले दोघं. देवानंदनं आणलेला तो कागद आणि माझे कान. दोघांतलं एक खोटं बोलतंय, आणि तीनच्या पाळीला जाण्याआधी कोण ते ठरवायचं. एकदा असं ठरवून टाकल्यावर त्याला बरं वाटलं. आठवडाभरात पहिल्यांदाच त्यानं स्वतःहून काही ठरवलं होतं.

देवानंद त्याच्याच गावचा, तीर्थपुरीच्या बाजूचा, एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे बी निवडायचं नवं यंत्र बसवायला एक फ्रेंच इंजिनिअर आला होता. तीन आठवडे राहिला, तिखटानं हैराण झाला, आणि जाताना ही कॅसेट यंत्राच्या खोक्यावर विसरून गेला. कव्हरावर निळ्या पाण्याचा हौद, आत कोणी नाही, आणि वर नाव अशा अक्षरांत की इंग्रजी येणाऱ्या देवानंदलाही ते उच्चारता येईना. त्यानं एकदा ऐकली आणि लगेच निकाल दिला, "च्यायला, ह्यांचं गाणं सुरूच होऊन न्हाई राह्यलं. नुसती तयारी करून राह्यलेत." आणि कॅसेट इंद्रभानच्या खिशात कोंबली.

इंद्रभानला मात्र ती लागली. का ते सांगता आलं नसतं — रोलिंग मिलमध्ये आठ तास काढून घरी आलं की डोक्यात मिल चालूच राहायची, आणि इतर कुठलंही गाणं लावलं की ते तिच्यावर आदळायचं. हे आदळत नव्हतं. कुणीतरी बाई स्वतःशीच बोलल्यासारखी गायची, शब्द एक कळायचा नाही, आणि तिच्याखाली यंत्रांचे मऊ सूर इतक्या संथपणे हलायचे की विहिरीत उताणं पडून कान पाण्याखाली गेल्यावर काठावरचं जग जसं ऐकू येतं, तसं सगळं वाटायचं. लहानपणी तो तासन्‌तास असा पडून राहायचा. आई काठावरून हाका मारून थकायची आणि तो म्हणायचा, ऐकू नाही आलं. तेव्हा ते खोटं असायचं.

चौथ्या गाण्यात एक घंटी होती. अगदी बारीक, काचेच्या ग्लासाच्या कडेला चमचा लागावा एवढीच. पहिल्या वर्षी ती गाणं संपेपर्यंत वाजायची आणि इंद्रभान तिची वाट पाहत बसायचा. मग ती अर्ध्यातच थांबायला लागली. दिवाळीपासून तर वाजतच नव्हती. फीत घासली, त्याला वाटलं. कुणालाही हेच वाटलं असतं, आवडतं गाणं फिरवून फिरवून ऐकलं की नेमकी तेवढीच जागा झिजते. तो ती घेऊन काकासाहेबांच्या दुकानात गेला. काकासाहेबांनी जालन्यातल्या हजारो लोकांना त्यांच्या पसंतीच्या याद्या घेऊन कॅसेटी भरून दिलेल्या, कानाला हेडफोन लावून त्यांनी दोन मिनिटं डोळे मिटले आणि म्हणाले, "हे हाटेलात लावायचं म्युजिक हाय. गिऱ्हाईक जल्दी उठू नये म्हणून. अन् फितीला काय झालं? बिलकुल नवी हाय." इंद्रभानला त्यांचा राग आला. एवढ्या वर्षांचा दुकानदार, आणि घासलेली फीत ओळखता येत नाही!

आणि मग तो कागद. देवानंदच्या ऑफिसात इंटरनेट आलं, आणि त्यानं कव्हरावरची अक्षरं एक एक बघून टाइप केली तर एक पानच निघालं — जगभरच्या ऐकणाऱ्यांनी या कॅसेटबद्दल दिलेली मतं. त्यानं ते छापून आणलं आणि चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्या मराठीत करून सांगितलं. एकानं लिहिलं होतं, ही झोपेची गोळी आहे, पैसे परत द्या. एका बाईनं लिहिलं होतं, बाळंतपणानंतर तीन महिने मी फक्त हेच ऐकत होते. कुणी म्हणत होतं, पहिल्यांदा ऐकाल तेव्हा काहीच होणार नाही, दुसऱ्यांदा ऐका. ते बराबर आहे, इंद्रभानला वाटलं, आणि आपल्यासारखं वाटणारं माणूस समुद्रापलीकडे बसलंय याची त्याला गंमतही वाटली. आणि सगळ्यात खाली कुणीतरी लिहिलं होतं : चौथ्या गाण्यातली ती घंटी थांबतच नाही, बाकी सगळे सूर संपतात तरी ती एकटी वाजत राहते, आणि तेवढ्यासाठी मी हा अल्बम जपून ठेवलाय.

"लबाड हाय ते," इंद्रभान म्हणाला होता. "कुठं वाजती?"

देवानंदनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं. मग चहाचे पैसे द्यायला वळला.

...आणि तरीही हे सगळं तसंच चाललं असतं. एक घंटी गेली तर गेली, घंटीवाचून कुणाचं अडत नाही. पण सोमवारी शिट्टी वाजली होती.

मिलमध्ये लाल तापलेली सळई एका बाजूनं रोलमध्ये घालायची ती इंद्रभाननं, आणि पलीकडून ती बाहेर येताच चिमट्यानं पकडून वळवायची ती म्हस्कूनं. मध्ये दिसत काही नाही, वाफ आणि ठिणग्या. सळई आत अडकली, वाकडी झाली, की वर फळीवर उभे असलेले धर्मराज मिस्तरी शिट्टी फुंकतात आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. सोमवारी सगळे थांबले. मी दुसरी सळई आत घातली. ती पहिलीला जाऊन भिडली आणि पहिली उसळून बाहेर आली, म्हस्कूच्या नडगीला चाटून गेली. त्याची पॅन्ट पेटली, वीतभर कातडी गेली, आणि चार बोटं इकडे असती तर पाय गेला असता. त्यानंतर सगळे मला काय म्हणाले — इंद्रभानचं ध्यान नव्हतं, त्याच्या डोक्यात ते फॉरेनचं गाणं वाजत असतंय. आणि मी मान खाली घालून म्हटलं, व्हय, ध्यान नव्हतं. कारण ध्यान नसलेल्या माणसाला चार शिव्या देऊन लोक कामावर ठेवतात. ऐकू न येणाऱ्याला ठेवत नाहीत. लाज वाटते, खरंच लाज वाटते, पण तेव्हा म्हस्कू कण्हत होता आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच.

त्याची बायको नंदाबाई दारातल्या उजेडात सूप घेऊन तूर निवडत होती. त्यानं टेप तिच्याजवळ नेऊन ठेवला.

"देवानंदशी पैज लागली," तो म्हणाला. "ह्या गाण्यात बारीक घंटी हाय. ती वाजली की बोट वर करायचं. बाकी काही बोलू नको."

"तुमचं झोपेचं गाणं व्हय? मला कामं न्हाईत का?"

"एकच गाणं. ऐक ना."

तिनं मान हलवली, नजर सुपातच. गाणं सुरू झालं. ते संथ सूर आले, बाई स्वतःशी बोलायला लागली — तिच्या बोलण्याच्याही कडा हल्ली झिजल्यासारख्या वाटत — आणि नंदाबाईनं बोट वर केलं. इंद्रभाननं श्वास धरला. काही नाही. बोट खाली आलं. पुन्हा वर गेलं. तिचा दुसरा हात खडे वेचत होता, चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि बोट नेमानं वर जात होतं, खाली येत होतं, ज्या जागी त्याला नुसतं मऊ पाणी ऐकू येत होतं त्या प्रत्येक जागी. ती उगाच करते की काय असं त्याच्या मनात आलं, तेवढ्यात त्याचं त्यालाच कळलं की असं मनात येणं म्हणजे पुन्हा फितीवर ढकलणंच आहे. सूर संपले. त्याच्या लेखी गाणं संपलं. बोट अजून वर जात होतं — एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"झालं," ती म्हणाली. "जिंकले का हारले?"

"कसं वाटलं तुला?"

तिला नवल वाटलं. असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं. "ती बाई गाऊन न्हाई राह्यली. कोणाची तरी वाट पाहून राह्यली, अन् आपण वाट पाहून राह्यलो हे त्याला कळू बी द्यायचं न्हाई तिला. पण घंटी गोड हाय. शेवटी एकटीच राहती बिचारी." मग त्याच्याकडे नीट बघून, "काहून? असं काय पाहून राह्यले?"

काही नाही, तो म्हणाला. डबा घेतला, सायकल काढली. तिला रात्री सांगेन... नाही, तिला सांगणं सोपं आहे, म्हणूनच ते आधी करायचं नाही.

चंदनझिऱ्यातल्या घरापासून मिलपर्यंत सायकलनं दहा मिनिटं. मागून आलेला टेम्पो अगदी जवळून पुढं गेला तेव्हाच कळला. आतापर्यंत तो अशा टेम्पोवाल्यांना शिव्या घालायचा, हॉर्न मारत नाहीत म्हणून. म्हणजे मारत असतील. किती जणांना मी उगाच... त्यानं पायडल जोरात मारलं. आज मिस्तरींना सांगायचं. मला शिट्टी ऐकू येत नाही, मला तिथून काढा, भट्टीवर टाका, फाटकावर टाका, झाडू द्या. काढून टाकलं तर टाकलं. गावाकडं साडेतीन एकर आहे, भावाबरोबर राबता येईल, आणि तेही नसतं तरी सांगायचंच होतं, कारण म्हस्कू आजपासून पुन्हा पलीकडे उभा राहणार होता.

पाळीला वीस मिनिटं होती. रोल थांबलेले होते. धर्मराज मिस्तरी फळीच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होते. केस पांढरे, गळ्यात दोरीला शिट्टी. इंद्रभान त्यांच्या अगदी समोर बसला आणि सगळं एका दमात बोलला. घंटीचंही बोलला, कागदाचंही. बोलून झाल्यावर त्याला आठवेना की कुठं अडखळलो का.

मिस्तरींनी चुना झटकला. इकडेतिकडे पाहिलं.

"दुसऱ्या कुणाला बोलला का?"

"न्हाई."

"मंग बोलू नको." त्यांनी शिट्टी बोटांत धरली, तिच्याकडे पाहत राहिले. "मला कुठं ऐकू येती? चार वर्षं झाली. फुंकलं की दातात मुंग्या येतात, त्याच्यावरून समजतो की वाजली. तू आता ध्यान देऊन, डोळ्यानं बघून काम कर. सगळे तसंच करून राह्यले. मालकाला कळलं तर तू बाहेर, मी बी बाहेर. समजलं का? ऊठ."

तो उठला नाही. भीती त्याला घरून निघतानाच होती, ती इथंही होती, पण तिचं आता हसूच आलं असतं — नोकरी जाईल म्हणून मी भीत होतो, आणि इथं चार वर्षं एक माणूस स्वतःला न ऐकू येणारी शिट्टी वाजवतोय आणि तिच्या भरवशावर सगळी लाइन उभी आहे. सगळे तसंच करून राह्यले, मिस्तरी म्हणाले. सगळे म्हणजे किती? कुणी मोजलं होतं? आजवर त्यानं सगळ्यांची मतं गोळा केली होती — देवानंदचं, काकासाहेबांचं, कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांचं — आणि स्वतःचं मात्र फितीवर ढकलून मोकळा झाला होता. आता ते द्यायचं होतं. पटलं तर पटलं, नाही तर नाही.

"मिस्तरी, मी बोलणार," तो म्हणाला. "तुमचं नाव न्हाई घेणार. माझं घेईन."

मिस्तरी काहीतरी म्हणाले, पण ते खाली मान घालून म्हणाले आणि त्याला ते समजलं नाही. त्यानं पुन्हा विचारलंही नाही.

लाइनवरचे सात जण रोलच्या पलीकडे पाठमोरे बसले होते, हातांना फडकी गुंडाळत. म्हस्कूच्या नडगीवर पांढरी पट्टी होती. मंठ्याकडचा, मेंढरांमागं वाढलेला पोरगा. सोमवारपासून तो इंद्रभानला एक शब्द वाकडा बोलला नव्हता, आणि तेच इंद्रभानला सहन होत नव्हतं. काय बोलायचं ते जुळवत बसलो तर भोंगा होईल. तो उभा राहिला.

"म्हस्कू!" त्यानं हाक मारली — गरजेपेक्षा फार मोठ्यानं, हे त्याचं त्यालाच कळलं, हल्ली तो असाच बोलत असणार.

म्हस्कू वळला. त्याच्या शेजारचे तिघंही दचकून वळले. बाकीचे तिघं तसेच, खाली मान घालून, शांतपणे फडकी गुंडाळत राहिले.

इंद्रभान त्या तिघांच्या पाठींकडे बघत राहिला. आधी यांच्याकडे जावं लागेल, त्याला वाटलं, आणि तो रोलला वळसा घालून त्यांच्या समोरच्या बाजूनं चालू लागला.