दोन दिवस तो तिथंच राहिला

माझी बायको ओब्दुलिया गेल्यापासून मला बसवत नाही. जेवताना मधेच उठून दाराची कडी बघून येतो. न्हाव्याच्या खुर्चीत पाय हलवत असतो. तो म्हणतो, "डॉन तोरिबिओ, कान कापला गेला तर मग माझ्या नावानं ओरडू नका." कामावर निभतं, कारण विटांच्या कामात कुणी बसत नाही. माझा घोडा चिखल मळायच्या चक्कीभोवती दिवसभर फिरतो आणि मी त्याच्या मागं. घरी आल्यावरही मी फिरतोच, फक्त घोडा नसतो.

अशा माणसाला न्या सिन्फोनं गुरुवारच्या वाचनाला ओढून नेलं. न्या सिन्फो, म्हणजे सिन्फोबाई, माझ्या बायकोची मैत्रीण. दोघी मिळून तो गट चालवायच्या. चॅपेलच्या मागच्या पडवीत दहाबारा माणसं जमतात. शुभवर्तमानातला एक उतारा तीनदा सावकाश वाचायचा, मग गप्प बसायचं. जो शब्द आपल्याला धरून ठेवेल त्याच्यापाशी थांबायचं, आणि शेवटी देवाला जे सांगायचं ते कागदावर लिहायचं. वाटलं तर मोठ्यानं वाचायचं, नाहीतर घडी घालून टोपलीत टाकायचं. टोपलीतला कागद कुणी उघडत नाही. पुनरुत्थानाच्या सणाला अंगणात जी आग पेटवतात तिच्यात ते सगळे जातात.

"मला नाही जमायचं," मी तिला म्हटलं.

"जमायला काय ट्रक चालवायचाय? बसायचं फक्त."

"तेच तर जमत नाही."

"मग उभे राहा. पण या."

गेलो, कारण घरात थांबणं त्याहून अवघड झालं होतं. माझी मुलगी निमिया राजधानीतून, असुन्सिओनहून आली होती आणि आमचं भांडण चालू होतं. पुढच्या शनिवारी ओब्दुलियाला वर्ष होत होतं. वर्ष भरलं की आमच्याकडे घरी जपमाळ होते, आलेल्यांना चिपा, म्हणजे चीज घातलेला पाव, वाटतात, आणि शेवटी घरचा माणूस सगळ्यांसमोर उभा राहून म्हणतो की देवाची इच्छा होती, आम्ही ती मान्य केली. मग काळे कपडे उतरवायचे. मला ते म्हणायचं नव्हतं, कारण मी काहीही मान्य केलं नव्हतं. म्हणून प्रार्थनाच ठेवायची नाही असं मी ठरवलं होतं.

निमिया पीठ मळता मळता थांबली. "बाबा, आई काय रस्त्यावरची होती का, तिचं काहीच न करायला?"

"तुझ्या आईच्या फोटोसमोर उभं राहून मी खोटं बोलणार नाही."

"अच्छा. आणि ती जिवंत होती तेव्हा रोज खरंच बोलत होतात वाटतं!"

"तो वेगळा विषय आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना चिपा हवा असेल तर पाठवून दे घरोघरी."

ती रडली नाही. पीठ मात्र इतकं जोरात मळायला लागली की टेबल हललं, आणि मी लगेच टेबलाचा पाय बघायला खाली वाकलो. मी म्हटलं ना, मला बसवत नाही.

त्या गुरुवारचा उतारा लाजरसचा होता. उपवासकाळात तो येतोच. लाजरस आजारी पडतो, त्याच्या बहिणी येशूला निरोप पाठवतात, आणि निरोप मिळूनही येशू होता तिथंच आणखी दोन दिवस राहतो. तो पोचेपर्यंत लाजरस कबरीत गेलेला असतो. पुढं तो त्याला उठवतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणापासून मी ते उठवणंच ऐकत आलो होतो. त्या दिवशी मला भलताच शब्द सापडला. 'राहिला.' तिथंच राहिला.

गप्प बसायची वेळ झाली. मी उठलो आणि बाकाखाली कौलाचा तुकडा सारायला लागलो, कारण बाक डुगडुगत होतं.

न्या सिन्फो डोळे मिटूनच म्हणाली, "डॉन तोरिबिओ, बाक मेलेलं नाहीये. त्याला उठवू नका, बसा."

कुणीतरी फिसकन हसलं. मी बसलो. वर्षभर डोक्यात फिरत होतं ते कागदावर उतरायला लागलं. मी फार शिकलेलो नाही, सरळ सरळ लिहिलं. लिहून झाल्यावर घडी घातली. मोठ्यानं वाचण्याचा प्रश्नच नव्हता. टोपलीत टाकला आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो.

रविवारी निमियानं मला मिसेला, म्हणजे चॅपेलमधल्या उपासनेला, जवळजवळ ढकलत नेलं आणि मुद्दाम बाकाच्या मधोमध बसवलं. डावीकडे ती, उजवीकडे डॉन सेपी आणि त्याचं सगळं खटलं. उठून जायला वाट नाही.

प्रवचनानंतर विनंत्या वाचतात. दारापाशी एक टोपली असते, तिच्यात लोक चिठ्ठ्या टाकतात. कुणाला आजारातून बरं कर, कुणाच्या पोराला नोकरी दे. त्या वाचायचं काम न्या ब्लासिदाचं. ती गल्लीतल्या लाउडस्पीकरवर गॅसची गाडी आल्याचं सांगते, त्याच आवाजात चॅपेलमध्येही वाचते. प्रत्येक वाक्यानंतर थांबते आणि आम्ही सगळे म्हणतो, प्रभू, आमचं ऐक.

त्या रविवारी तिनं पहिला कागद उघडला आणि वाचलं, "प्रभू, सगळे गप्प बसले होते तेव्हा मला सारखं दुपारचं सूप आठवत होतं."

"प्रभू, आमचं ऐक," चॅपेल म्हणालं.

मला आधी कळलंच नाही. पुढच्या बाकावरून न्या सिन्फोनं झटक्यात मान वर केली आणि तिची मान बघून मला कळलं. दोन्ही टोपल्या एकाच विणकरणीकडून घेतलेल्या, दिसायला अगदी एक. ब्लासिदानं दाराजवळची सोडून आतल्या कपाटातली, आमची गुरुवारची उचलली होती.

तिनं दुसरा कागद उलगडला. भट्टीच्या काजळीचं बोट उमटलेला. माझा.

"निरोप मिळाला होता, तरी तू तिथंच राहिलास," ब्लासिदानं वाचलं आणि थांबली.

"प्रभू, आमचं ऐक."

"मीसुद्धा निरोप पाठवला होता. तिला श्वास घेता येत नव्हता तेव्हा."

"प्रभू, आमचं ऐक."

माझं अंग भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं तापलं. मी उठायला गेलो. डॉन सेपीचे गुडघे, त्याच्या बायकोची पर्स, नातवंडं. निमियानं माझी बाही धरली. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तिला अक्षर न बघताही कुणाचं आहे ते कळलं होतं.

"इस्पितळात खाट नव्हती. खाट मिळाली तेव्हा तिची गरज उरली नव्हती. तेवढ्या वेळात तू कुठं बसला होतास?"

या वेळी उत्तर थोडं उशिरा आलं. अर्ध्या लोकांनी सवयीनं म्हटलं. उरलेले अडखळले. मागून एक पुरुषाचा जाड आवाज आला, एकटाच, सगळ्यांच्या मागाहून. "प्रभू, आमचं ऐक." तो कुणाचा हे मला आजही माहीत नाही.

न्या सिन्फो उठून ब्लासिदाकडे निघाली होती. ब्लासिदालाही काहीतरी चुकल्याचं उमगलं असावं, कारण तिनं कागद उलटा करून बघितला आणि मग पाईंकडे बघितलं. आमचे धर्मगुरू, पाई बेनान्सिओ, वेदीपाशी हात जोडून उभे होते. 

मी मोठ्यानं म्हणालो, "वाच."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"अर्धं वाचलंस, आता पुरं वाच. अर्धवट ऐकलं तर लोकांना वाटेल मी वेडा झालोय."

न्या सिन्फो जिथं होती तिथंच थांबली. ब्लासिदा वाचायला लागली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज गॅसच्या गाडीसारखा नव्हता.

"मला कारण नको. ती मांडिओकाचे कंद सोलताना स्वतःशीच बडबडायची, ते मला हवंय."

"प्रभू, आमचं ऐक." हे बायकांनी म्हटलं, घाईनं, वाक्य संपायच्या आधीच.

"शनिवारी सगळे येतील आणि मी उठून तुझी इच्छा होती असं म्हणावं म्हणून वाट बघतील. मी म्हणणार नाही. म्हणून मी कुणाला बोलावणार नाही."

 लेकरं खोकली. मग निमिया बोलली. बाही अजून तिच्या मुठीत होती. समोर बघत, आपलंच भांडण पुढं रेटल्यासारखी, ती म्हणाली, "प्रभू, आमचं ऐक." मागून मग सगळे.

मिस संपल्यावर अंगणात गोंधळ. न्या सिन्फो ब्लासिदाला कोपऱ्यात घेऊन झापत होती. "डोळे आहेत का बटणं? आतलं कपाट उघडायला सांगितलं कुणी?"

"दारातल्या टोपलीत कुणीतरी लेकराचे बूट ठेवले होते! मला वाटलं टोपली बदलली!"

"आणि सूप? सूप वाचताना नाही काही वाटलं?"

"मला वाटलं गरिबाघरचं असेल," ब्लासिदा म्हणाली आणि रडायला लागली. मग न्या सिन्फोच तिचे डोळे पुसायला लागली.

मला घोड्याकडे जायचं होतं. डॉन सेपी आडवा आला.

"शनिवारी किती वाजता?"

"काही नाहीये शनिवारी. ऐकलंत की."

"ऐकलं. किती वाजता?"

"डॉन सेपी, मी ते वाक्य म्हणणार नाही."

"नका म्हणू. माझ्या पोराच्या वेळी मी म्हटलं. अजून घशात आहे." त्यानं टोपी घातली. "चारला येतो. खुर्ची माझी मी आणतो."

त्याच्यानंतर आणखी काही जणांनी तेच विचारलं.   शेवटी मी न्या सिन्फोला गाठलं. म्हटलं, घरी या सगळे, पण जपमाळ नको, आणि ते उभं राहून बोलणंही नको. गुरुवारी जे करता तेच करा. उताऱ्याचं पुढचं वाचा.

"तुम्ही बसाल?" तिनं विचारलं.

"बघू."

शनिवारी चारला आमचं अंगण भरलं. जो तो आपली खुर्ची घेऊन आला. निमियानं टोपलंभर चिपा केला होता. तीन दिवस पीठ मळून तिचा राग बराचसा त्यात गेला असावा. पाई बेनान्सिओही आले आणि इतरांसारखाच एक कागद घेऊन मागं बसले. वाचायला ब्लासिदाच. न्या सिन्फोनं तिच्या हातातलं पुस्तक आधी तपासलं. "बघून घे बाई, बायबलच आहे ना?"

येशू शेवटी गावाजवळ पोचतो. मार्था वाटेतच त्याला गाठते आणि म्हणते की तू इथं असतास तर माझा भाऊ गेला नसता. मग तिची बहीण येते, तीही तेच म्हणते. तो दोघींपैकी एकीलाही गप्प करत नाही. तो विचारतो, त्याला कुठं ठेवलंय? लोक म्हणतात, ये आणि बघ.

पहिल्या वाचनाला मी खुर्च्या मोजत होतो. दुसऱ्या वेळी चिपावर कापड टाकून आलो. तिसऱ्या वेळी ब्लासिदा त्या प्रश्नापाशी आली आणि मी हातातलं कापड तसंच धरून राहिलो. याला ठाऊक नव्हतं? उशिरा आला, आणि वर विचारतोय कुठं ठेवलंय? माझा राग वाढायला हवा होता. पण प्रश्न बरोबर होता. वर्षभर भेटायला आलेल्या प्रत्येकानं मला ती आता कुठं आहे ते सांगितलं होतं, स्वर्गात, देवाजवळ, शांतीत. मी तिला कुठं ठेवलंय, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

सगळे लिहायला लागले. पेन्सिलींचा आवाज तेवढा येत होता. मी गुडघ्यावर कागद घेतला आणि लिहिलं, 'ये, बघ.' बाकी काही सुचलं नाही. ते दोन शब्द लिहिल्यावर मला खुर्चीत राहवेना. उठलो, फाटकाची कडी काढली.

"डॉन तोरिबिओ," न्या सिन्फो हळूच म्हणाली, "मौन चालू आहे अजून."

"चालू द्या. मी त्याला दाखवून येतो."

"कुणाला?"

मी थांबलो नाही. कबरस्तान आमच्या घरापासून लांब नाही, विटा वाळत घालतात त्या मैदानाच्या पलीकडे. तिथं मी तिला मातीत ठेवल्यापासून गेलो नव्हतो. मागून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, मग निमियाची हाक. "बाबा, अहो, सावकाश! सगळे येतायत!" वळून बघितलं तर खरंच सगळे येत होते, कुणाच्या हातात कागद, कुणाच्या तोंडात चिपा, सगळ्यांत मागं पाई, एका पायानं लंगडत.

मला पळतच जायचं होतं. पण पाईंना तेवढं चालवत नाही, म्हणून मी वेग कमी केला.