बाजीचे माप

"आपा, हिला तर पोटच नाही! आपल्यात अशी बाई मिळायची कुठून?"

नर्स असे म्हणाली आणि सगळ्या जणी खळखळून हसल्या. टेबलावर पांढऱ्या चादरीखाली निजलेली बाई म्हणजे कपड्यांच्या दुकानातला पुतळा होता. दुकान बंद झाले तेव्हा टेलरआपाने तो मागून आणला होता. मशिदीच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी ती त्याच्यावर बायकांना गुसल शिकवायची, म्हणजे मयताला घालायची शेवटची आंघोळ.

"हसा, हसा. पण चादर सरकू देऊ नका," आपा म्हणाली. "ती बोलत नाही म्हणून तिला लाज नाही असं समजू नका. हात चादरीखालून फिरवायचा, कापड गुंडाळून. आधी उजवी बाजू, मग डावी. आणि जे कळेल ते या दाराबाहेर न्यायचं नाही. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही."

"नवरा ऐकतो कुठे आपलं?" भाजीवाली म्हणाली आणि पुन्हा हशा पिकला.

आपा कपडे शिवून पोट भरत होती. नवरा अकाली गेला तेव्हा मशीननेच तिला तारले. गुसलचे काम मात्र तिने आईच्या मृत्यूनंतर अंगावर घेतले. आईला आंघोळ घालायला आलेल्या बाईला पुढे आणखी एका घरी जायचे होते. तिने भराभर पाणी ओतले, आणि कुशीवर वळवताना आईचे डोके टेबलाच्या कडेवर आपटले. 'लागलं असेल,' एवढेच तेव्हा आपाच्या मनात आले आणि तिथेच रुतून बसले. त्यानंतरच्या तीस वर्षांत वस्तीतली एकही बाई तिच्या हाताशिवाय गेली नव्हती. बोलावणे आले की आपा मशीनवरचा कपडा तसाच सोडून उठायची. ही नमाजाइतकीच आपली इबादत आहे असे ती मानायची, पण कुणाला बोलून दाखवायची नाही.

आता त्याच उजव्या हाताला कंप सुटला होता. सुईत दोरा ओवायचा तर गिऱ्हाइकालाच सांगावे लागे.

शिकवणीसाठी खोली मागायला आपा गेली तेव्हा मशिदीच्या कमिटीचे सेक्रेटरी का-कू करत होते. "तुम्ही आहात ना आपा अजून? मग शिकवणी कशाला? दर आठवड्याला बायका जमणार म्हटल्यावर लोक चार गोष्टी बोलणार."

"बोलू देत. तुमच्या अम्मींना मी घातली आंघोळ. तुमच्या बायकोला कोण घालणार, ते तेवढं ठरवून ठेवा."

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. मग त्यांनी खोलीची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली.

शिकायला येणाऱ्या आठ जणींत बँकेतली कॅशियर सगळ्यांत भित्री. पहिल्या रविवारी तर ती पुतळ्यालाच घाबरून पळाली आणि बाहेर पायरीवर बसून रडली. "माझ्या अम्मीच्या वेळी मी आत गेलेच नाही, आपा. तेवढी हिंमतच झाली नाही." आपाने तिची समजूत घातली नाही, नुसती शेजारी बसून राहिली. पुढच्या रविवारी कॅशियर सगळ्यांच्या आधी येऊन दाराशी उभी होती.

आपाच्या या कामाचा सगळ्या वस्तीला मान होता. एक माणूस मात्र याच कामामुळे आपल्याला टाळते, असे तिच्या मनाने धरले होते. ते माणूस म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण, बाजी. बाजी मुलींच्या शाळेची हेडबाई. ती वर्गाबाहेरून नुसती गेली तरी आत शांतता पसरे. तरुणपणापासून बाजीचे सगळे कपडे आपानेच शिवले. माप घेताना बाजी ताठ उभी राहायची आणि वर "सैल शीव, छोटी, मला श्वास घ्यायचा असतो" असे दरडावायची. पण अकरा वर्षांपूर्वी बाजी कसल्याशा ट्रेनिंगला सहा महिने परगावी गेली आणि परतली ती डोक्याला घट्ट रुमाल बांधून, आणि त्यानंतर तिने बहिणीकडे एकही कपडा दिला नाही. आपा टेप घेऊन उठली की म्हणायची, "राहू दे, हल्ली तयार बरे मिळतात." ईदला गळाभेट घ्यायची तीही दुरूनच, खांद्याला खांदा लागेल न लागेल अशी.

आपाने काय समजायचे ते समजून घेतले. मेलेल्यांना लागलेले हात बाजीने इतकी वर्षे चालवून घेतले, आता ते तिला नको झाले होते. तिने कधी विचारले नाही. विचारले असते तर बाजीने तोंडावर खरे सांगितले असते, आणि ते ऐकायचे बळ आपाला नव्हते.

म्हणून हॉस्पिटलमध्ये बाजीने तिचे मनगट धरले तेव्हा ती चकित झाली. बाजीचे हृदय थकले होते, आवाज अगदी खोल गेला होता.

"छोटी, मला तूच घाल आंघोळ. एकटीनं. दुसरं कुणी आत नको."

"बरं," आपा म्हणाली.

मंगळवारी पहाटे बाजी गेली. तिचा मुलगा आणि सून दूरच्या शहरातून धावत आली. हॉस्पिटलातून चादरीत गुंडाळलेली बाजी मशिदीमागच्या खोलीत आणली गेली. नर्स ड्यूटीवर अडकली होती, भाजीवाली बाजारात गेलेली. निरोप मिळताच आली ती एकटी कॅशियर.

सून दाराशीच उभी होती. "खाला, अम्मींनी मला फोनवर बजावलं होतं. आत फक्त तुम्ही."

"हो बेटा. फक्त मीच."

आपाने दार लावले, कोमट पाणी बादलीत घेतले आणि बिस्मिल्ला म्हणून पहिला जग उचलला. हात थरथरला. निम्मे पाणी फरशीवर सांडले. दुसरा जग तिने दोन्ही हातांनी धरला. मग बाजीला कुशीवर वळवायला तिने खांद्याखाली हात घातला, आणि बाजी निम्मी उचलली जाऊन हातातून निसटू लागली. आपाने स्वतःची छाती मध्ये घालून तिला कशीबशी सावरले. बाजीचे डोके टेबलाच्या कडेपासून बोटभर अंतरावर राहिले.

आपा तशीच वाकून उभी राहिली. शब्द पाळायचा तर बाजीला लागणार होते. मग तिने बहिणीला सावकाश उताणे निजवले, उशाला कापडाची घडी दिली आणि दार उघडले.

"कॅशियर, आत ये."

"खाला, पण अम्मी..." सून पुढे झाली.

"माझ्या एकटीनं होत नाही, बेटा. अम्मीची माफी मी मागेन. तू हिला आत येऊ दे."

कॅशियर आत आली. तिने बाह्या वर केल्या, हाताला कापड गुंडाळले आणि आपाकडे पाहिले. आपाने तिच्या मनगटावर आपला हात ठेवला. बाजीचा चेहरा, हात, पाय धुऊन वुजू झाला. मग चादरीखालून उजवी बाजू. कॅशियरचा हात खांद्यावरून खाली सरकला आणि थबकला. तिने वर पाहिले.

आपाने आपला हात चादरीखाली घातला. डोळ्यांनी पाहण्याची गरजच पडली नाही. आयुष्यभर मापे घेतलेल्या बोटांना लगेच कळले. उजवीकडे छाती नव्हती. तिथे सपाट कातडी होती, आणि काखेपर्यंत गेलेली एक लांब, जुनी शिवण.

सहा महिन्यांचे ट्रेनिंग. डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. दुरूनच घेतलेली गळाभेट. "हल्ली तयार बरे मिळतात."

"बाजी," आपा अगदी हळू म्हणाली, "एवढंच होतं तर सांगायचंस गं. मी सैल शिवलं असतं."

कॅशियरने चादर गळ्यापर्यंत नीट ओढली, हात पुन्हा कामाला लावला आणि नेहमीच्या आवाजात विचारले, "आता डावी बाजू ना, आपा?"

"हो. डावी."

शेवटचे पाणी कापराचे घातले. दोघींनी मिळून केसांच्या तीन वेण्या घातल्या. मग आपाने टेप काढला आणि कफनासाठी बाजीचे माप घेतले, डोक्यापासून पायापर्यंत. कापड कॅशियरने धरले, कात्री आपाने चालवली. कड वेडीवाकडी आली.

दार उघडले तेव्हा सुनेने घाबरत विचारले, "सगळं नीट झालं ना, खाला?"

"झालं. फार नीटनेटकी होती तुझी अम्मी," आपा म्हणाली. कॅशियरने नुसती मान हलवली.

पुरुषांनी जनाजा खांद्यावर घेतला आणि ते मशिदीच्या अंगणात नमाजाला उभे राहिले. आपा सवयीने परत खोलीत गेली. फरशी पुसायची, बादल्या विसळायच्या. मयताच्या घरी रडणाऱ्या बायकांत ती कधी बसलीच नव्हती. त्या वेळी तिच्या हातात नेहमी पोछा असायचा.

कॅशियरने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"हे माझ्याकडे द्या. तुमची बहीण गेलीय, आपा. तुम्ही बाहेर बसा."

आपा बाहेर आली. चटईवर बसलेल्या बायका सरकल्या आणि त्यांनी मधोमध जागा केली. ती तिथे अवघडून बसली, पाहुणीसारखी. तिच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. सुनेच्या ते लक्षात आले. तिने आपाची एक बाही हातात घेतली आणि पिळू लागली. पाणी चटईच्या कडेला गळले.

ती बाही झाल्यावर आपाने दुसरी पुढे केली.