लाल टोपीला पांढरा गोंडा

माझा पहिला मुलगा अकरा दिवस जगला. तोमोया नाव ठेवलं होतं. तो गेल्यावर डोंगरावरच्या देवळात आम्ही त्याच्या नावाने जिझोची मूर्ती बसवली, माझ्या गुडघ्याएवढी. गेलेल्या लेकरांना पलीकडच्या वाटेवर बोट धरून नेणारा देव तो. तिथे अशा वीसेक मूर्ती आहेत, प्रत्येकीमागे एकेक घर. दर वर्षी बर्फ पडायच्या आत मी आमच्या मूर्तीसाठी लाल लोकरीची टोपी विणते. चाळीस वर्षं झाली. आता डोळे मिटूनही हात चालतो.

त्याच्या पाठची कानाए. ती तोक्योला असते, ॲनिमेच्या एका स्टुडिओत मागची दृश्यं रंगवते. पुढे पात्रं नाचतात, रडतात. त्यांच्यामागचं आकाश, घरं, झाडं हिची. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला. "आई, आपला देवळातला दादा टीव्हीवर येणार!"

मला आनंदच झाला होता. खोटं कशाला सांगू?

तिच्या मालिकेचा तो भाग डिसेंबरात लागला. मी आणि माझे यजमान काझुनोरी, दोघं जेवण आटोपून टीव्हीसमोर बसलो. निळ्या केसांची एक शाळकरी पोर. नाताळच्या संध्याकाळी तिला भेटायला येणारा मुलगा येतच नाही. मग ती केकचा डबा घेऊन रडत रडत देवळाच्या पायऱ्या चढते. पायऱ्या हुबेहूब आमच्या, तिसरी फुटकी आहे तीसुद्धा. ती तोमोयाच्या मूर्तीपुढे बसते, त्याच्या लाल टोपीवर कापसाचा पांढरा गोंडा चिकटवते आणि म्हणते, "आज तूच माझा सांता." मग त्याच्या दगडी ओठांना केक लावते.

काझुनोरी म्हणाले, "रंग छान काढलेत पोरीने."

मी उठून टीव्ही बंद केला.

मी काही फार सोवळी आहे असं नाही. कानाए लहान असताना दर चोवीस डिसेंबरला स्ट्रॉबेरी लावलेला केक आणि तळलेली कोंबडी आमच्याही घरी असायची. येशू कोण, कुठला, कशासाठी मेला, कधी विचारलं नाही. दुकानात केक दिसला, सगळ्यांनी घेतला, आम्हीही घेतला. पण तो आमच्या जेवणाच्या टेबलावर असायचा, कुणाच्या थडग्यावर नाही.

त्यानंतर वर्षभर देवळात पोरं यायला लागली. कॅमेरे, पाठीवर पिशव्या, पिशव्यांवर त्या निळ्या केसांच्या मुलीचे बिल्ले. दोन-चार यायची, नमस्कार करायची, जायची. मी कानाडोळा केला. नोव्हेंबरअखेर नवी टोपी विणून चढवली. मग चोवीस डिसेंबरला दुपारी डोंगरावरून कर्ण्यातून गाणी ऐकू आली आणि मी बूट चढवले.

"कशाला जातेस?" काझुनोरी म्हणाले. "बघशील आणि डोकं फिरवून घेशील."

"फिरू दे."

वर जत्रा भरली होती. पायऱ्यांवर रांग. पुजारी भिक्षूच्या वस्त्रात आणि तुळतुळीत डोक्यावर सांताची टोपी! लहानपणी आमच्या परसातली सफरचंदं चोरणारं हेच पोर. बाप गेला आणि देऊळ याच्या हातात आलं. दारातच टेबल मांडून तो सॅटिनच्या लाल टोप्या विकत होता. वीसच्या वीस मूर्तींवर त्याच टोप्या, पांढऱ्या किनारीच्या. कुणाचं लेकरू कुठलं, कळायची सोय नाही.

तोमोया सापडला तो रांगेवरून. रांग त्याच्यासाठीच होती. त्याचं तोंड साईच्या क्रीमने बरबटलं होतं. डोळ्यांवर क्रीम, हनुवटीवरून ओघळून गोठलेलं क्रीम, नाकाला चिकटवलेली स्ट्रॉबेरी. पायाशी कोंबडीच्या तंगड्या, अर्धवट खाल्लेल्या, त्यांचं तेल दगडात उतरलेलं. एक कावळा त्याच्या खांद्यावर बसून हाड टोचत होता, आणि लोक त्याचा फोटो काढत होते. मी रुमाल काढला आणि त्याचं तोंड पुसायला वाकले.

"आजी, जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय," चष्मेवाला एक जण म्हणाला. मग त्याला दिसलं मी काय करतेय ते. "अहो, पुसू नका! ते तसंच असतं. तो भाग बघितला नाही का तुम्ही?"

"माझा मुलगा आहे हा."

तो गोड हसला. "आमचाही आहे, आजी! आमचाही लाडका आहे."

मागची चार जणं हसली. चेष्टा नव्हती हो त्यात, मनापासून म्हणाला तो. त्याचीच जास्त शिसारी आली.

मी तशीच पुजाऱ्यापुढे जाऊन उभी राहिले. "माझी टोपी कुठाय?"

"कुठली, काकू?"

"मी विणलेली."

"अच्छा, त्या जुन्या! सगळ्या सारख्या दिसाव्यात म्हणून काढल्या. मागे पिशवीत असतील." मागे एकच पिशवी होती, जाळायच्या कचऱ्याची. मी हात घातला. कागदी थाळ्या, हाडं, ओले रुमाल, आणि तळाशी टोपी, तेलाने चिंब, अजून महिनाही न झालेली. तिच्यासोबत इतर आयांच्या टोप्या.

"काकू, रागावू नका," तो मागोमाग आला. "पोरं देवळात येतायत, चांगलंच आहे ना? आणि परका सण म्हणाल, तर आपला बुद्ध तरी कुठे इथला? तोही समुद्रापलीकडूनच आला. तेव्हाही म्हातारी माणसं कुरकुरली असतील."

"तो आला तेव्हा त्याने कुणा मेलेल्या पोराची टोपी कचऱ्यात टाकली नव्हती," मी म्हटलं.

तेवढ्यात टोप्या संपल्याची हाक आली आणि तो पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काझुनोरींनी छोटा ट्रक काढला. मी काही सांगितलं नव्हतं. फक्त पहार आणि जुनी गादी पुढे आणून ठेवली होती. पुजारी धावत आला. "अहो, ती मूर्ती आता प्रसिद्ध झालीय! लोक विचारतील, मी काय सांगू?"

काझुनोरी आयुष्यात कुणावर ओरडले नाहीत. ते म्हणाले, "सांगा, बापाने घरी नेला." आणि बर्फात पहार घातली.

दगड सुटायला तास लागला. गादीत गुंडाळून, दोघांनी मिळून उचलून आणला आणि परसात सफरचंदाच्या झाडाखाली ठेवला. मी कोमट पाणी, साबण, ब्रश घेऊन बसले. क्रीम गेलं. तेल गेलं नाही. पायाशी काळपट डाग राहिलाच, आणि वास. कितीही घासा, तळलेल्या कोंबडीचा वास येतच राहिला.

चार दिवसांनी शेजारणीने सांगितलं, देवळात त्या जागी नवा जिझो बसलाय, प्लॅस्टिकसारख्या कशाचा तरी. टोपी, गोंडा सगळं साच्यातूनच आलेलं. रांग तशीच आहे. कुणाला फरक कळलेला नाही.

नवीन वर्षाला कानाए आली. परसात गेली, मूर्तीसमोर उकिडवी बसली, आणि बराच वेळ उठली नाही. मी दारात उभी.

"आई, एक सांगू? पटकथेत मूर्तीच नव्हती. ती पोर नुसती बाकावर बसून रडते, एवढंच होतं. मूर्ती मी सुचवली. गोंडाही मीच." ती मूर्तीकडेच बघत होती. "बैठकीत सगळ्यांना इतकं आवडलं! मला वाटलं, दादाला कुणीच ओळखत नाही, निदान आता..."

"आता ओळखतात," मी म्हटलं.

ती रडायला लागली. माझी लेक आहे, जवळ घ्यायला हवं होतं. पण त्या क्षणी मला तिचे हात दिसत होते, ब्रश धरलेले, भावाच्या डोक्यावर कापूस चिकटवणारे, आणि मला तिला शिवावंसं वाटेना. बर्फ पडायला लागला. तिच्या केसांवर साचला, त्याच्या उघड्या डोक्यावर साचला.

आतून काझुनोरी म्हणाले, "अगं, तांदळाच्या मोचीचं सूप निवतंय. बोलाव तिला."

"उकळून देईन परत," मी म्हटलं, आणि आणखी थोडा वेळ तिला तशीच बसू दिली.